खोली किरायानं देणे आहे

बसा. पाणी घ्या.
नळ, लाइट, पंखा, सगळं दाखवतो,
पण आधी ही भिंत बघा.

इथं, खुंटीच्या खाली चार बोटं,
रंग जरा वेगळा दिसतो ना?
दोनदा चुना मारला, एकदा डिस्टेंपर.
उन्हाळ्यात झाकते, थंडीत पुन्हा वर येते ही रेघ.
ओल आहे, असं मी आधी सांगायचो.
ओल नाही ती.
गोदावरी तिथपर्यंत आलती.

माझ्या छातीला लागते. ताई, तुमच्या खांद्याला.
कडेवरच्याचं माप मी घेत नाही.

नदी दिसते का इथून? नाही दिसत.
मधे तीन गल्ल्या, एक शाळा, लाकडाची वखार.
म्हणून तर माणूस फसतो.
ती दारातून येत नाही, मोरीतून येते.
आधी जाळीखाली बुडबुडतं,
खालून कुणी गुळण्या करतंय जसं.
मग झुरळं निघतात, सगळी एकदम.
त्यानंतर तासभर असतो हातात,
कधी तेवढाही नाही.

नूर शिलाईवाला राहायचा इथं, धर्माबादकडचा.
खोली घेताना त्यानं ह्याच रेघेवर बोट ठेवलतं,
"चाचा, ये क्या है?"
मी म्हणालो, "जुनं घर आहे, बाबा."
एवढंच. खोटंही नाही, बघा.
एसटीत पंचवीस वर्षं तिकिटं फाडली,
कुणाचे सुटे चार आणे ठेवून घेतले नाहीत.
हे मात्र ठेवून घेतलं.

त्या भादव्यात रात्री दोनला
विष्णुपुरीची दारं उघडली.
सकाळी मशीन पाण्यात, पायडलवर गाळ,
दसऱ्याचे चाळीसेक ब्लाउज
एकमेकांचा रंग पिऊन बसलेले.
बाया दारात भांडायलेल्या,
तो मान खाली घालून उभा.
मला काही बोलला नाही.
जाताना एक पुडकं हातात दिलं.
माझं शर्टाचं कापड टाकलतं त्याच्याकडं.
पाणी चढताना तेवढं त्यानं माळ्यावर फेकलतं.
कोरडं होतं. काज, बटणं, कॉलर, सगळं झालेलं.
तीन वर्षं झाली. घडी मोडवत नाही.

शेजारी बच्चेवारनं भिंतीला छातीएवढ्या टाइल्स लावल्या,
निळ्या, वर बदकं.
त्याच्या तिन्ही खोल्या भरलेल्या.
"नदी काय रोज येते का, मामा?" म्हणतो.
आमची मथुरा आतून भांडी आपटते,
ऐकू येतंय ना? ते तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे.
आठ महिने खोली रिकामी आहे.
सहाजण बघून गेले.
एकजण उद्या येतो म्हणाला.
एकानं रेघ वितेनं मोजली, आणि म्हणाला,
"मग दोनशे कमी करा."
केले. तरी आला नाही.

तर आता ऐका.
किराया अठराशे. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत हजार.
फ्रिज असेल तर विटांवर. विटा मी देतो.
कागदपत्रं, बाळाची औषधं, गॅसचं पुस्तक
खुंटीच्या वर. नेहमी वर.
ही शिडी माळ्याची. कपडे वाळत घालायला घेऊ नका.
धरणावरच्या एका पोराकडं माझा नंबर आहे,
तो मला फोन करतो, मी तुमचं दार वाजवतो.
रात्री वाजवलं तर "कोण?" विचारत बसू नका.
उगाच वाजवणार नाही मी.

घ्यायची नसेल तर राग नाही.
चहा मात्र घेऊन जा, ठेवलाय तिनं.

चला, पंखा दाखवतो.
तीनच्या पुढं खडखड करतो जरा,
तेही सांगून ठेवलेलं बरं.